गप्प बसलेली फायरवॉल

आमच्या अक्काला भर मीटिंगमध्ये खोटारडी ठरवण्यात आलं, असं वाक्य मी लिहिणार नाही. ज्यांनी मला पत्रकं लिहायला शिकवलं ते असल्या वाक्यावर सरळ रेघ मारायचे. कुणी ठरवलं ते लिही, नाहीतर लिहूच नकोस, असं म्हणायचे. तर लिहितो. आमच्या कंत्राटदार कंपनीच्या साहेबानं अक्काला खोटारडी म्हटलं. सकाळच्या मीटिंगमध्ये, मशीन शॉपमधल्या पिवळ्या पट्ट्यावर उभं राहून, पाळीला आलेल्या सगळ्यांच्या देखत.

कारखाना कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. पाच तारे पाटीवर. आम्हा कंत्राटी माणसांच्या वाट्याला त्यातला एक आलेला मी तरी बघितला नाही. ट्रॅक्टरचे ओतीव भाग तासून, भोकं पाडून, पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीला द्यायचे, हा धंदा. मी शिवाजी पेठेतला. दिवसा या कारखान्यात नेटवर्कच्या केबली ओढतो, संध्याकाळी कंत्राटी कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहितो. दोन्ही कामांत मला ओरडायची सवय लागली आहे.

अक्का माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. कागलजवळच्या खेड्यातली, घरी शेती आणि म्हशी. आयटीआय करून इलेक्ट्रिशियन म्हणून आली आणि नेटवर्क स्वतःच्या हिमतीवर शिकली. तिचे वडील कोल्हापुरात, छोट्या कारखान्यांच्या उद्यमनगरात लेथवर होते. कारखान्यात तिच्याहून दुप्पट वयाची माणसंही तिला अक्काच म्हणतात. कर्नाटक हाकेवर असलेल्या आमच्या मुलखात ताईपेक्षा अक्का जवळची. आणि आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, तेव्हा पुढं तिचं बोलणं वाचताना पुण्याच्या पाहुण्यांनी हसू नये.

तिच्याकडं एक काम आलं होतं. कारखान्याच्या नेटवर्कच्या दारात एक डबा बसवलेला असतो, फायरवॉल. बाहेरून आत कुणाला सोडायचं, आतून बाहेर काय जाऊ द्यायचं, हे तो डबा ठरवतो. चोर रोज नवी युक्ती शिकतात, म्हणून या राखणदारालाही अधूनमधून नवं शिकवावं लागतं. त्याला अपग्रेड म्हणायचं. पुण्याच्या कंपनीनं कळवलं होतं की तुमच्या फायरवॉलचं व्हर्जन जुनं आहे, त्यात भोक आहे, ते बदला, नाहीतर आमचे कॉम्प्युटर तुमच्यापासून तोडतो. तोडले की ड्रॉइंग येणार नाहीत, ऑर्डर येणार नाहीत, कारखाना बसला.

आठवडी सुट्टीच्या दिवशी, कुणाचं काम अडू नये म्हणून, अक्का एकटी आली आणि अपग्रेड केलं. झालं म्हणून कळवलं. पुण्याच्या माणसानं तिकडून बघितलं तर व्हर्जन जुनंच. पुढच्या सुट्टीला ती परत आली, परत केलं, परत कळवलं. परत जुनंच.

साहेबाचा हिशोब सोपा होता. डबा म्हणतो जुनं, बाई म्हणते नवं. मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. म्हणून मीटिंगमध्ये तो म्हणाला की काही लोक सुट्टीच्या दिवशी येऊन चहा पिऊन जातात आणि काम झालं म्हणून खोटं कळवतात. अक्काकडं बघून म्हणाला. मग टाइप करून आणलेला कागद तिच्यापुढं धरला. काम न करता केल्याचं कळवलं याबद्दल मी दिलगीर आहे, असा मजकूर. सही केली तर विषय संपला, नाही केली तर महिना संपला की गेट पास बंद.

अक्कानं कागद शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून त्याच्याच हातात दिला.

"नवीन व्हर्जन मी माझ्या डोळ्यानं बघितलंय साहेब. दोन्ही टायमाला. सही व्हायची न्हाय."

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. मशीन शॉपमधली माणसं आपापल्या जागी गेली, पण त्या दिवशी प्रत्येक जण काहीतरी निमित्त काढून तिच्या टेबलाजवळून जाऊन आला.

मी चहाच्या सुट्टीत पत्रक लिहूनच काढलं. मथळा होता, 'चूक यंत्राची, शिक्षा कामगाराला'. खाली कंत्राटी पद्धत, गेट पासची टांगती तलवार, बाईमाणसाचा भर मीटिंगमध्ये अपमान, सगळं रचलं होतं. खरं सांगतो, चांगलं जमलं होतं. अक्काच्या हातात दिलं. तिनं वाचलं.

"काय नेते, छापायला टाकलं काय?"

मी म्हटलं, संध्याकाळी टाकतो, उद्या पहिल्या पाळीला गेटवर वाटतो.

"ह्यात लिवलंयस, चूक यंत्राची. तुला ठाव हाय?"

"मग काय तुझी हाय?"

"मला ठाव न्हाय. तुलाबी न्हाय. आधी हुडक. हे वाटलंस आणि भलतंच निघालं, तर तू दुसरं पत्रक काढशील. मला तोंड एकच हाय."

मला राग आला. आमच्या संघटनेत आधी लढा, मग चौकशी, अशी रीत आहे, आणि साहेबलोक चौकशीच्या नावाखाली काय करतात ते बघितलं की ती रीत चुकीची वाटत नाही. पण जिचं तोंड तिचा शब्द. पत्रक खिशात ठेवलं.

स्टोअरमध्ये त्याच जातीची एक जुनी फायरवॉल पडून होती. स्टोअर सांभाळणारे चाचा आमच्या संघटनेचे सगळ्यात जुने सभासद. त्यांनी डबा झटकून अक्काच्या हातात दिला आणि म्हणाले, न्या, पण ह्याला तरी खरं बोलायला शिकवा. अक्का हसली. त्या आठवड्यात तिला मी तेवढंच हसलेलं बघितलं.

मेंटेनन्सच्या कोपऱ्यात, जेवणाच्या सुट्टीत, आम्ही तो डबा मांडला. अक्कानं नवी फाइल चढवली. डब्यानं ती तपासली, 'यशस्वी' अशा अर्थाची हिरवी ओळ दाखवली आणि स्वतःच बंद होऊन चालू झाला. स्क्रीनवर नवं व्हर्जन. मी स्वतः बघितलं, आकडा मोठ्यानं वाचला. मग दिवे परत लागले, सगळं सुरळीत दिसलं, आम्ही भाकरीची फडकी सोडली. जेवून मी सहज बघितलं तर व्हर्जन जुनं.

लाल दिवा नाही, इशारा नाही, चूक झाली असं सांगणारी एक ओळ नाही. डब्याच्या नोंदी उघडल्या तर तिथं अपग्रेड यशस्वी, आणि त्याच्यापुढं शांतता. माणूस असं वागला असता तर त्याला आम्ही पेठेत काय म्हणतो ते इथं लिहिता येत नाही. काम बुडवलं तर बुडवलं, निदान बुडवलं म्हणून सांग. या डब्यानं काम बुडवलं, वर यशस्वीची पाटी लावली आणि ज्या बाईनं ती पाटी वाचून कळवलं ती खोटारडी ठरली. ठरली म्हणजे, साहेबानं ठरवली.

पुढचे काही दिवस मी एकेका गोष्टीवर संशय घेत गेलो. फाइल परत उतरवली. केबल बदलली. दुसऱ्या प्लगवर लावून बघितलं, यूपीएसवर लावून बघितलं. प्रत्येक वेळी तेच. आधी नवं दिसायचं, थोड्या वेळानं बघितलं की जुनं. मशीन शॉपमधली माणसं जाता-येता विचारायची, काय अक्का, तुझं बाळ आज काय म्हणतंय? आणि ती म्हणायची, बोलतंय कुठं, तीच तर तक्रार हाय. महिना सरत चालला होता. साहेब रोज नुसता तो कागद टेबलावर ठेवून जायचा आणि अक्का रोज तो त्याच्या ट्रेमध्ये नेऊन ठेवायची.

शेवटी मी माझ्या धंद्याची अक्कल वापरली. म्हटलं, अक्का, मी पत्रक लिहितोय असं समज. पहिल्यापासून सांग, आणि प्रत्येक गोष्ट कुणी केली ते सांग.

तिनं सांगितलं. फाइल तिनं चढवली. तपासली डब्यानं. बंद तो झाला, चालूही तोच झाला. व्हर्जन तिनं बघितलं.

"मग बंद-चालू झाला, दिवे बघितले, आणि..."

"आत्ताच म्हणालीस की तो बंद-चालू झाला. परत कधी?"

"त्यानंतर की. व्हर्जन बघितल्यावर."

"कुणी केला?"

"कुणी म्हंजे? मी."

"का?"

अक्कानं माझ्याकडं असं बघितलं, जणू जेवायच्या आधी हात का धुतलेस म्हणून मी विचारलं होतं. आणि तिचं बरोबर होतं, कारण मी शेजारी बसून हे सगळं रोज बघत होतो आणि मला ते एकदाही दिसलं नव्हतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. उद्यमनगरात, आणि तिथं शिकलेली माणसं जिथं जिथं गेली तिथं, दुरुस्त केलेलं मशीन कुणी थेट कामाला लावत नाही. आधी चालू करायचं, रिकामं फिरवायचं. मग बंद करायचं, हात लावून बघायचं, कुठं तापलं नाही ना, काही ढिलं झालं नाही ना. मग परत चालू करायचं आणि त्यानंतर माल लावायचा. जो हे करत नाही तो मिस्त्रीच्या शिव्या खातो. अक्काच्या वडिलांनी हे उभ्या जन्मात चुकवलं नाही आणि तिनं ते त्यांच्या गुडघ्याएवढी असताना बघितलं. आमच्या शॉपमध्ये पंखा दुरुस्त केला तरी लोक असंच करतात. ही आमच्या गावची शिस्त आहे आणि मला तिचा अभिमान आहे. या शिस्तीवर कोल्हापूरची इंजिनं गावोगावच्या विहिरींवर वर्षानुवर्षं न थकता चालली.

अक्का फायरवॉललाही तेच करत होती. अपग्रेड झालं, नवं व्हर्जन दिसलं, की बटण दाबून बंद, मग परत चालू. आता कामाला लागा. व्हर्जन आधीच बघून झालेलं, ते परत कोण बघतो?

आम्ही पुन्हा अपग्रेड केलं आणि या वेळी हात लावला नाही. अक्कानं दोन्ही हात मांडीखाली घेतले होते. चहा मागवला, सावकाश प्यायलो. व्हर्जन नवं. मग बंद करून चालू केलं. तरीही नवं. मग जुन्यावर परत नेलं, अपग्रेड केलं, आणि नवं दिसताक्षणी बटण दाबलं. चालू झाला तो जुना होऊन. गुपचूप.

म्हणजे डब्याच्या पोटात दोन खोल्या आहेत. एकीत जुनं व्हर्जन, दुसरीत नवं. अपग्रेड झाल्यावर तो नव्या खोलीत जातो खरा, पण थोडा वेळ तिथं पाहुण्यासारखा बसतो, सगळं ठीक आहे का बघतो. तेवढ्यात कुणी बंद केला तर त्याला वाटतं नवं कोलमडलं, आणि तो उठून जुन्या खोलीत जाऊन बसतो. कुणाला काही न सांगता.

मला नाचावंसं वाटलं. अक्का मात्र बटणाकडं बघत बसली होती.

"म्हंजे माझ्याच हातानं झालं."

मी तिला समजावलं. अगदी हुशारीनं समजावलं. म्हटलं, साहेबाला सांगायचं की डबा आपोआप मागं जातो. नवं जातं, जुनं येतं, आमच्या हाती काही नाही. हे खोटं नाही. बटणाचं बोलायचंच नाही. बटणाचं बोललीस की तो माणूस बाकी काही ऐकणार नाही, चूक तुझीच म्हणेल आणि गेट पास घेईल. आपल्या बाजूचं तेवढं मांडायचं, पत्रकात आपण तेच करतो.

"मी खोटं बोललो न्हाय हे सांगायला निम्मं खोटं सांगू व्हय?"

मी केबल गुंडाळायला लागलो. मला भाषणं येतात, उत्तरं प्रत्येक वेळी येतातच असं नाही.

महिनाअखेरीला पुण्याच्या कंपनीचा माणूस तपासणीला आला. तरुण, चष्म्यातला, बोलायला सरळ. अक्का थेट त्याच्यापुढं गेली. म्हणाली, पावणं, जरा वेळ हाय का, एक गोष्ट दाखवायची हाय, आणि आमच्या साहेबांनाबी बोलवा. साहेब आला, हातात तो कागद होताच. मशीन शॉपचे दोघे-तिघे स्पॅनर शोधायला म्हणून कोपऱ्यात आले आणि तिथंच शोधत राहिले.

अक्कानं स्टोअरच्या त्या डब्यावर दोन्ही प्रकार करून दाखवले. आधी हात न लावता. मग बटण दाबून. पाहुणा पहिल्यांदा मोबाइल बघत होता, दुसऱ्यांदा खुर्ची पुढं ओढून स्क्रीनला नाक लावून बसला. आकडा बदललेला दिसला तेव्हा म्हणाला, परत करा. तिनं परत केलं.

"आणि हे बटण कारखान्यातल्या फायरवॉलला कुणी दाबलं?" साहेबानं विचारलं.

"मी. दोन्ही सुट्टीला."

"म्हणजे चूक तुमचीच."

"हात माझा, ते मी सांगितलं. खोटं बोललो न्हाय, तेबी माझंच. दोन्ही घ्या."

मी तोंड उघडणार होतो, पण पाहुण्यानंच साहेबाला विचारलं की नंतर थांबायचं असतं हे कुठल्या सूचनेत लिहिलंय ते दाखवा. साहेबानं अपग्रेडच्या सूचना उघडल्या, खालीवर केल्या. बराच वेळ केल्या. कुठं नव्हतं. पाहुणा म्हणाला की या बाईंनी बटणाचं सांगितलं नसतं तर आपण सगळे अजून केबली बदलत बसलो असतो. मग त्यानं तिथूनच फायरवॉल बनवणाऱ्यांच्या माणसाला फोन लावला आणि बाहेर जाऊन बोलला. परत आला तेव्हा म्हणाला, बरोबर आहे, तसंच आहे, त्यांनाही ते लिहायला हवं होतं असं वाटतंय. वाटतंय म्हणे. मला काय वाटलं ते सोडा.

साहेबानं तिला बाजूला बोलावलं. झालं गेलं सोडून द्या, पासचं मी बघतो, असं काहीतरी पुटपुटला. मी एवढ्यावर खूश झालो असतो. खरंच झालो असतो. पास वाचला की आम्ही संघटनेत पेढे वाटतो. अक्का म्हणाली:

"इथं नको साहेब. जिथं म्हणालात तिथं म्हणा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगला एकही माणूस उशिरा आला नाही. सुरक्षिततेच्या सूचना झाल्या, उत्पादनाचे आकडे झाले. मग साहेब म्हणाला की फायरवॉलच्या बाबतीत थोडा गैरसमज झाला होता. आणि पुढच्या मुद्द्यावर जायला लागला.

"गैरसमज न्हाय," अक्का जागेवरून म्हणाली. "तुम्ही मला खोटारडी म्हणालात."

साहेबानं सगळ्यांकडं बघितलं. शे-दीडशे माणसं हाताची घडी घालून उभी असली की माणसाला आपोआप सुचतं. तो म्हणाला, "त्यांनी काम केलं होतं. मी त्यांना खोटारडं म्हणालो ते चुकलं." शब्द नीट ऐकू आले. टाळ्या वाजल्या नाहीत. आमच्याकडं असल्या वेळी माणसं नुसती मान हलवतात, आणि तेवढ्या माना एकदम हललेल्या मी आयुष्यात पहिल्यांदा बघितल्या.

मग अक्कानं सगळ्यांना सांगितलं की त्या डब्याला रिकामं फिरवायची आपली पद्धत लावायची नाही, अपग्रेड झालं की त्याला बसू द्यायचं, आणि जाताना व्हर्जन परत बघायचं. मागून एका लेथवाल्यानं विचारलं, मग अक्का, लेथचं काय, तिथंबी सोडायची काय पद्धत?

"लेथला काय झालं तर लेथ बोंबलतीया," ती म्हणाली. "तिथं हायच की."

कारखान्यातल्या खऱ्या फायरवॉलचं काम अजून राहिलं होतं. ते पुढच्या सुट्टीला तिनंच केलं. मी मदतीला म्हणून गेलो, पण खरं तर बघायला गेलो होतो. रॅकसमोर स्टूल घेऊन ती बसली, फाइल चढवली, डबा बंद होऊन चालू झाला, नवं व्हर्जन दिसलं. तिचा उजवा हात बटणाकडं गेला आणि मधेच थांबला. मग तिनं तो पदरात गुंडाळून घेतला. आम्ही बसून राहिलो. बऱ्याच वेळानं तिनं बंद-चालू केलं, व्हर्जन परत बघितलं आणि पुण्याच्या त्या चष्म्यातल्या पाहुण्याला फोन लावला.

"झालंय."

फोन स्पीकरवर होता. मी म्हटलं, स्क्रीनचा फोटो पाठवू का म्हणून विचार. तिकडून त्यानं ते ऐकलं असावं.

"फोटो नको," तो म्हणाला. "अक्का, तुम्ही झालं म्हणालात ना, मग मी झालं म्हणून नोंद करतो."

माझ्या मते त्या क्षणी विषय संपला होता. पण अक्का फोन तोंडाजवळ नेऊन म्हणाली, "तसं नगो पावणं. तिकडनं बघा, आकडा वाचा, आणि मग नोंद करा. मी थांबतो."

त्यानं तिकडून बघितलं आणि आकडा वाचला. नवाच होता.